डिंभ्याला राहिलेला डबा

आमच्या पिंपळवंडीच्या घरात रशियन भाषा आली ती वह्यांच्या कव्हरांवरून. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाच्या तरी भिडेखातर रशियाहून येणाऱ्या एका रंगीत मासिकाची वर्गणी भरली होती. ते मासिक घरात कुणी वाचत नसे, पण त्याचा जाड, गुळगुळीत कागद वह्यांना कव्हरं घालायला इतका झकास होता की शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात अर्धी आळी कात्री घेऊन आमच्या ओट्यावर जमायची. माझ्या गणिताच्या वहीवर डोक्याला फडकं बांधलेली, ट्रॅक्टर चालवणारी एक बाई आली होती. तिच्या मागे एक पाटी होती आणि पाटीवरची काही अक्षरं ओळखीची, तर काही आरशात पाहिल्यासारखी उलटी होती. गणित अडलं की मी ती अक्षरं गिरवत बसायचे. गणित शेवटपर्यंत अडलेलंच राहिलं, पण अक्षरं हाताला बसली. आई म्हणायची, "या पोरीला नको ती कामं बरी सुचत्यात." तिचं म्हणणं खरंच होतं, पण त्या नको त्या कामानेच पुढे माझं पोट भरलं आणि ज्या एका गोष्टीची मला आज या वयातही लाज वाटते, तीही त्याच कामातून झाली.

पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा कळलं की रविवारी सकाळी एका शाळेच्या खोलीत रशियनचा वर्ग भरतो. मी नाव घातलं. पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण होतो, दिवाळीपर्यंत सहा उरलो. तो देश नुकताच मोडला होता आणि ज्याला त्याला वाटे की आता ही भाषा शिकून करायचं काय. शहाणी मुलं जर्मनकडे आणि कॉम्प्युटरकडे वळली. शहाणपणाची गाडी चुकलेल्या त्या सहांत मी होते आणि हौसा होती. हौसा तळेघरची, भीमाशंकरच्या अलीकडची. भात आणि नाचणी पिकवणाऱ्या डोंगरातल्या घरातली, गावातून पुण्याच्या कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. बारीक, सावळी, दोन वेण्या आणि चालणं असं भराभर की पुण्याच्या सपाट रस्त्यावर मला तिच्यामागे पळावं लागे. मी म्हटलं, "जरा दमानं." तर ती म्हणाली, "आमच्याकडं येष्टी कवा येते, कवा नाय. दमानं चाललं तर शाळा सुटून जाती, निमे." मी निर्मला. 'निमे' हे नाव तिने दुसऱ्याच दिवशी ठेवलं. तिच्याशिवाय मला त्या नावाने कुणी हाक मारली नाही, आणि आता कुणी मारणारही नाही.

सुट्टीला आम्ही एकाच गाडीने निघायचो. मंचरला ती उतरून भीमाशंकरची गाडी धरायची, मी तशीच पुढे नारायणगावला, पिंपळवंडीला जायला. पुणे ते मंचर या टप्प्यात आम्ही मराठीचा एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं. खेडचा घाट चढेपर्यंत आमची पुंजी संपायची, कारण पुस्तकातल्या धड्यांत विमानतळ, ग्रंथालय आणि बर्फ एवढंच होतं आणि आम्हाला बोलायचं असायचं ते समोरच्या बाईच्या नथीबद्दल. मग हौसा जमतील ते शब्द जुळवून वाक्य उभं करायची आणि आम्ही अशा हसायचो की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायचे. एकदा एका फेटेवाल्या बाबांनी विचारलं, "पोरींनो, कुठल्या गं तुमी? कानडी का काय?" हौसा गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "नाय बाबा, तळेघरच्या." बाबांनी मान डोलावली आणि शेजाऱ्याला सांगितलं, "डोंगरातली भाषा आसंल." पुढे काय करायचं याच्या गप्पाही त्याच गाडीत व्हायच्या. वर्गातल्या एका मुलाने सांगितलं होतं की कारखान्यांना यंत्रांच्या पुस्तकांचे अनुवाद लागतात, नोकरी न धरता घरी बसून करता येतात. घरी बसून! दोघींनाही आपापलं घर डोळ्यांसमोर आलं होतं. मी म्हटलं, आपण दोघी मिळून करू. ती म्हणाली, "आपल्या घरात बसून रशियाचं काम? आईला सांगितलं तर ती माझी दृष्ट काढंल."

हौसाची रशियन माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. शब्द तिला एकदा ऐकला की पुरे. पण बोलायला लागली की वर्गात हसू फुटे. तिच्या रशियनला तळेघरचा हेल होता, वाक्य वर चढायचं, मग पायवाटेने उतरावं तसं झपझप खाली यायचं. आमचे सर स्वतः ती भाषा पुण्यातच शिकलेले, फार मऊ माणूस, पण तेही तिला थांबवायचे आणि म्हणायचे, "निर्मलासारखं बोल. सरळ, सपाट." मला तेव्हा बरं वाटायचं, हे लपवत नाही. वर्गात एक टेपरेकॉर्डर होता आणि खऱ्या रशियन माणसांच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट होती. तिची फीत इतक्या वेळा अडकून पेन्सिलीने गुंडाळली होती की त्यातली माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येत. हौसा कान लावून बसायची आणि शेवटी हताश व्हायची. एकदा मंचरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत शेंगा खात असताना ती म्हणाली, "ज्यांची भाषा हाय त्यांच्या तोंडनं एकदा तरी ऐकाया पायजे. एकदाच. नाय तर आपुन बोलतोय ते खरं का खोटं, आपल्याला कळायचं कसं?" मी म्हटलं, ऐकशील की कधीतरी. तिने शेंगांची टरफलं नीट कागदात बांधून पिशवीत टाकली. तिला दुसरं काही नको होतं. नोकरी नको, परदेश नको. एकदा ऐकायचं होतं.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी तिचे वडील हिरड्याच्या झाडावरून पडले. हिरडा गोळा करणं हा तिकडच्या घरांचा उन्हाळ्यातला मोठा आधार, आणि दर साली कुणी ना कुणी पडतंच. त्यांची कंबर गेली. हौसा परीक्षा देऊन जी घरी गेली ती राहिलीच. मीही पदवी घेऊन पिंपळवंडीला आले आणि स्थळं येण्याची वाट बघत द्राक्षाच्या मळ्यात मजुरांना चहा पोचवू लागले. अशातच पुण्याच्या लिमयेकाकांचं पत्र आलं. ते अनुवादाची कामं घेऊन वाटायचे, सरांनी त्यांना माझं नाव दिलं होतं. देश मोडला होता, पण त्या देशाने विकलेली यंत्रं काही मोडली नव्हती. ती ठिकठिकाणी धडधडत होती आणि त्यांची पुस्तकं कुणाला वाचता येत नव्हती. पहिलं पुस्तक आलं, मी दोन पानं वाचली आणि मला घाम फुटला. माझी इंग्रजी बरी, पण एवढी रशियन मला येत नव्हती. हौसाला रशियन येत होती, पण इंग्रजी लिहिताना तिचा हात अडे. तेव्हा आमची पद्धत ठरली ती अशी: ती रशियनचं मराठी करणार आणि मी तिच्या मराठीचं इंग्रजी.

पण पिंपळवंडी कुठे आणि तळेघर कुठे. आमच्याकडे फोन होता, तिच्याकडे नव्हता. टपाल पावसात आठ-आठ दिवस पोचत नसे. पोचायचा तो एस.टी.तून डबा. शिकायला बाहेर राहिलेल्या मुलांना घरचं जेवण असंच जायचं, तोच रस्ता आम्ही धरला. डबा हौसाच्या घरचा, चार पुडांचा, स्टीलचा, वरच्या झाकणावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं. नारायणगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या गाडीवर शिंदे मास्तर असायचे. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. मी वरच्या तीन पुडांत आईने दिलेलं खाणं भरायचे आणि तळाच्या पुडात खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळून कागद ठेवायचे. तिकडूनही तसंच यायचं. भरला डबा आला आणि रिकामा परत गेला असं कुठल्याच घरात होत नाही, तसं करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. आईची शेंगदाण्याची पोळी जायची, तिकडून नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी यायची. आईची आणि हौसाच्या आईची कधी भेट झाली नव्हती, पण त्या एकमेकींच्या हाताची चव ओळखत होत्या. आमच्यात एक खूणही ठरली होती. काम घेणं जमत असेल तर तळाच्या पुडात कागद यायचे. जमत नसेल तर नुसतं खाणं. भातकापणीच्या दिवसांत एकदा नुसते तांदळाचे लाडू आले होते, तेव्हा मी समजून घेतलं आणि काकांकडून मुदत वाढवून मागितली.

तिचं ते मराठी! मी ते कागद जपून ठेवायला हवे होते. यंत्राच्या जोडणीला ती जू म्हणायची, मधल्या दांड्याला आस, अडकवणीला पाचर. 'झडपेला धसमुसळेपणा करू नये, हळू लोटली की ती आपल्या जागी बसते,' असं तिने एका पंपाच्या पुस्तकात लिहिलं होतं. मूळ वाक्य काय होतं कोण जाणे, मी तसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. खाली नाव मात्र माझं एकटीचं जायचं, कारण काका मलाच ओळखत होते. मी एकदा तिला म्हटलं की तुझंही नाव घालते. तिने पुढच्या डब्यातल्या चिठ्ठीत लिहिलं, 'तुझंच असू दे. माझं नाव डब्यावर हाय की.' तिच्या दर चिठ्ठीत वडिलांची तब्येत, म्हैस आणि खाली एक नवा रशियन शब्द असायचा, आठवड्याचा खाऊ म्हणून.

एकदाच मी तिच्या घरी जाऊन राहिले, चार दिवस. पडवीत तिचे वडील निजून असायचे, आई चुलीपाशी. घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ, अंडं म्हणून शिवत नसत. सकाळी हौसा अंगणात भात मापायला बसली. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तिने पहिली पायली भरली, म्हणाली "लाभ", आणि पुढे सरळ "द्वा, त्री, चितीरे" करत दहापर्यंत गेली. तिचे वडील पडवीतून हसून म्हणाले, "हिचा भात आता रशियात मोजायचा. बघा पावणं, माप खरं हाय का." मी म्हटलं, माप खरं आहे. बाहेर भाताच्या खाचरांवर धुकं उतरलं होतं आणि चुलीवर पेज रटरटत होती. आजही मला कुणी विचारलं की तुझ्या तरुणपणी तू सुखी कुठे होतीस, तर मी ते अंगण सांगेन. माझं स्वतःचं घर नाही, नंतरची पुण्याची नोकरी नाही, ते अंगण.

पुढच्या आषाढात लिमयेकाकांचा फोन आला. पुण्याजवळच्या एका कारखान्यात दोन रशियन इंजिनियर येणार होते, सहा महिने. सोबत दुभाषी हवी होती, राहायची सोय होती. काका म्हणाले, "कारखानेवाल्यांनी आपलं पंपाचं पुस्तक पाहिलंय. म्हणतात, ज्यानं हे केलं त्यालाच बोलवा, त्याला यंत्र कळतं." माझ्या तोंडून लगेच निघालं, "काका, ते खरं तर माझ्या मैत्रिणीचं काम आहे." हे मी बोलले, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते. काका म्हणाले, "मग तिला विचारा. पण पुढच्या बुधवारपर्यंत कळवा. तिला जमत नसेल तर तुम्ही या." मी लगेच पत्र लिहिलं. 'हौसे, खरे रशियन. सहा महिने रोज त्यांच्याच तोंडून. तुझ्या वडिलांकडे बघायला मी आठवड्याला येईन, आईला घेऊन येईन, पण तू जा. बुधवारच्या आत कळव.' गुरुवारी सकाळी डबा भरला, तळाच्या पुडात पत्र ठेवलं आणि शिंदे मास्तरांच्या हातात दिला. "मास्तर, आजचा डबा लई महत्त्वाचा आहे." ते म्हणाले, "ताई, तुमचा कुठला डबा बिनमहत्त्वाचा आसतो?" आणि हसत गाडीत चढले.

शुक्रवारी दादांनी बातमी आणली की तळेघरच्या वाटेवर, धरणापाशी, डिंभ्याच्या वर दरड कोसळली आहे, गाड्या डिंभ्यापर्यंतच जातात. शनिवार गेला, रविवार गेला. या दिवसांत मला एक गोष्ट कळत गेली आणि ती कळू नये म्हणून मी द्राक्षाच्या काड्या मोजत हिंडत होते. मलाही जायचं होतं. पत्र लिहिलं तेव्हा नव्हतं, पण चार दिवस त्या सहा महिन्यांचा विचार करता करता ते माझे होऊन बसले होते. सोमवारी रस्ता सुरू झाला असं कळलं. पहाटेची गाडी धरली असती तर दुपारपर्यंत मी तिच्या अंगणात असते. मी गेले नाही. स्वतःला सांगितलं की डबा येईलच.

मंगळवारी डबा आला. दुसराच कंडक्टर होता, त्याने नारायणगावच्या स्टँडवर आमच्या दूधवाल्याकडे दिला. डबा स्वच्छ घासलेला, राख लावून. मी आधी तळाचं पूड उघडलं. कागद नव्हता. वरच्या पुडांत उन्हाळ्यात वाळवलेली, मीठ लावलेली धरणातली मासळी होती. घरभर वास सुटला. आई खूश झाली, तिने लगेच तव्यावर टाकली आणि मग हातातलं उलथणं थांबवून म्हणाली, "का गं निर्मला, त्यांच्या घरात समद्यांना माळ हाय ना? मग मासळी कुठनं आली?"

आईने अगदी सहज विचारलं होतं. उत्तर मलाही त्याच क्षणी माहीत होतं: हा डबा तळेघरला पोचलाच नाही. डिंभ्यात कुणाच्या तरी घरी राहिला, त्यांनी खाणं नासू नये म्हणून काढून घेतलं आणि रिकामा कसा पाठवायचा म्हणून घरात होतं ते भरलं. हे सगळं मला त्या वासासरशी कळलं. बुधवारला अजून एक दिवस होता. आणि मी म्हटलं, "शेजारनं दिली असेल."

मग मी जेवायला बसले आणि ती मासळी भाकरीबरोबर पोटभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी काकांना फोन करून सांगितलं की तिला जमत नाही, मी येते.

कारखान्यातले दिवस मी इथे फार सांगत नाही. दोघांतले मोठे व्हिक्टर पेत्रोविच, केस पांढरे, चहात लिंबू पिळून पिणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी बोलायला तोंड उघडलं तेव्हा मला काय वाटलं ते मी शेवटी लिहीन, अजून तेवढं धाडस गोळा झालेलं नाही. त्यांना इंग्रजी वाचता येई, बोलता येत नसे. एकदा त्यांनी ते पंपाचं पुस्तक उघडून झडपेच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, असं लिहायला माणसाने पाण्याची वाट हाताने वळवलेली असावी लागते. त्यांनी माझा हात हातात घेऊन तो उलटा करून पाहिला. माझ्या हाताला घट्टे नव्हते. मी म्हणाले, आमचा मळा आहे. खोटं नव्हतंच ते, आमचा मळा होताच.

संक्रांतीला मी घरी आले. नारायणगावला उतरले तर समोर शिंदे मास्तर. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, तुमचा गुन्हेगार हाय मी. त्या दरडीच्या टायमाला डबा डिंभ्यात एका मावशीकडं ठिवला व्हता, वर धाडा म्हनून. नेमकी माझी ड्युटी बदलली. दुसऱ्या मास्तरनं इचारलं डबा कुठला, तर ती बोलली पिंपळवंडीचा. त्यानं उलटा खाली आणला. चिठ्ठी तिनं रेशन कार्डात जपून ठिवली, तिला वाचता येत न्हाई. गणपतीत तळेघरचं कोन तरी आलं तवा दिली." ते हात जोडत होते. मी त्यांना म्हणाले, "मास्तर, तुमची काही चूक नाही." माझ्या आयुष्यात मी बोललेलं ते सगळ्यात खरं वाक्य असेल.

घरी आल्यावर आई म्हणाली, "दिवाळीला मी तुझ्या मैत्रिणीचा डबा फराळ भरून धाडला. तू त्या रशियन लोकांकडं कामाला गेलीस ते दादांनी चिठ्ठीत लिहिलं. परत आलाय, तुझा तूच उघड." वरच्या तीन पुडांत नवे तांदूळ होते, आंबेमोहर, झाकण काढताच घर भरून गेलं. तळाच्या पुडात माझंच पत्र होतं, घड्यांवर मऊ झालेलं, त्याला अजून पुसटसा मासळीचा वास. पाठीमागे हौसाने शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत रशियनमध्ये लिहिलं होतं. त्याचं मराठी असं: 'निमे, तुझं पत्र गणपतीत मिळालं. डबा तुझ्याकडे होता म्हणून उत्तराला थांबले. मी आले असते. बाबाही म्हणाले, मी जा म्हटलं असतं. त्यांचा आवाज कसा असतो, तेवढं लिहून पाठव.'

एवढंच. राग नाही, विचारणा नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी तळेघर गाठून तिच्या पाया पडले असते. आवाज कसा असतो याचं उत्तर मी लिहायला बसले, फाडलं, पुन्हा लिहिलं. काय लिहिलं तरी पुढे 'मला मासळी बघूनच कळलं होतं' हे लिहावं लागणार होतं. मग माझं लग्न झालं. नवऱ्याला सगळं सांगितलं, हे सोडून. पुढे पुण्यात अनुवाद करत राहिले, औषधांची कागदपत्रं, नंतर नंतर तर आमच्याच भागातल्या द्राक्षाच्या पेट्यांवरची रशियन लेबलं. खाली नाव माझंच.

दहा-बारा वर्षांनी एकदा माहेरून परतताना मी डबा भरला. द्राक्षं, तिळाच्या वड्या, गुळाची पोळी. नारायणगावच्या स्टँडवर भीमाशंकरची गाडी लागली होती. तरणा कंडक्टर म्हणाला, "मॅडम, डबे नाय नेत आता. नेला तरी द्यायचा कुणाला? मोबाइल नंबर द्या." माझ्याकडे नंबर नव्हता. चहाच्या टपरीवर शिंदे मास्तर बसले होते, निवृत्त झालेले, मला त्यांनीच ओळखलं. हौसाचं विचारलं तर म्हणाले, "हाय की! वडील गेले, आई हाय. लग्न नाय केलं. घोडेगावच्या बाजाराला भात घिऊन बसती. मापताना पयला लाभ म्हनती आन् पुढं काय तरी येगळंच मोजती. समदा बाजार हसतो, पन माप कवा चुकत नाय. जावा की, गाडी सुटतीया." मी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. गाडी सुटली. द्राक्षं मी पुण्यात शेजारी वाटून टाकली.

आता माझा मुलगा मोबाइलवर बोट फिरवून मला कुठल्याही देशाचा माणूस बोलताना ऐकवतो. हौसाच्याही कुणा भाच्याकडे मोबाइल असेल आणि तिने केव्हाच ऐकलं असेल. माझ्या उत्तराची तिला गरज उरलेली नाही, मलाच आहे. डबा वरच्या फळीवर आहे. दर दिवाळीला काढते, राख आता मिळत नाही म्हणून पावडरीने घासते, तिच्या वडिलांच्या नावावरून बोट फिरवते आणि रिकामाच परत ठेवते. आज तो खाली काढून टेबलावर ठेवलाय, आणि ही पानं संपली की ती तळाच्या पुडात ठेवणार आहे. वर काय भरायचं ते सकाळी बघेन. घोडेगावचा बाजार भरतो त्या दिवशी मी स्वतः जाईन, कुठल्या मास्तरच्या हाती नाही देणार. धीर झाला नाही आणि मी पुन्हा स्टँडवरूनच परतले, तर निदान तिच्या प्रश्नाचं उत्तर तरी लिहिलेलं असावं.

तर हौसे, ऐक. व्हिक्टर पेत्रोविच पहिल्यांदा बोलले तेव्हा मी दचकून मागे वळून बघितलं, कारण मला वाटलं तूच आलीस. वाक्य तसंच वर चढलं आणि तसंच झपझप उतरलं. वर्ग ज्याला हसायचा ते खरं होतं, सरांनी माझ्यासारखं बोलायला सांगितलं ते खोटं होतं. ते लोक तुझ्यासारखंच बोलतात.